लेओनोरचा जबाब

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला राजे आणि लढाया यांचा तोटा कधीच पडत नाही. तोटा पडतो तो स्त्रियांचा. मध्ययुगीन स्पेन-पोर्तुगालच्या बखरींत सरदारकन्या भेटते ती बहुधा विवाहाच्या तहनाम्यात, वारसाच्या जन्मसमयी, नाहीतर थडग्यावर. गेली काही वर्षे फावल्या वेळी मी कॅस्टिल देशीच्या अशाच एका कन्येवर कादंबरी लिहितो आहे. सेमिनरीत घोकलेले लॅटिन या कामी आले. शब्दकोश हाताशी ठेवला की त्या लॅटिनच्या आधाराने जुनी कॅस्टिलियन भाषा हळूहळू बोलू लागते.

बखरी मुक्या असल्या तरी कागदपत्रे मुकी नसतात. हुंड्याचे करार, मृत्युपत्रे, मठांना दिलेली दानपत्रे यांतून या स्त्रिया स्वतःच्या नावाने बोलतात. बुर्गोस शहराजवळचा लास उएल्गास हा सिस्टर्सियन मठ आठवा आल्फोन्सो आणि राणी लेओनोर यांनी ११८७ साली स्थापिला. तेथील मठाधिपतीणबाईंची सत्ता कितीतरी गावांवर चाले. इतकेच नव्हे, तर त्यांच्या हद्दीत प्रवचन करावयाचे वा पापनिवेदन ऐकावयाचे असल्यास धर्मगुरूंना त्यांचा परवाना लागे! हा अधिकार १८७३ पर्यंत टिकला. (आमच्या धर्मग्रामातील धर्मभगिनींना मी हे अद्याप सांगितलेले नाही.) याच मठातील शवपेट्यांत राजकुळाची वस्त्रे सापडली. १२४६ साली निवर्तलेल्या राणी बेरेंगेलाच्या उशीवर चक्क अरबी अक्षरे विणलेली आहेत. धर्मयुद्धांच्या वर्णनांनी भरलेल्या पानांपेक्षा ती एक उशी त्या काळाविषयी मला अधिक सांगून गेली.

परंतु माझी नायिका राणी नव्हे. तिचे नाव लेओनोर लोपेझ दे कॉर्दोबा. तिचे वडील मार्तिन लोपेझ हे कालात्राव्हा या लष्करी संघाचे प्रमुख आणि राजा पेद्रोचे निष्ठावंत. १३६९ साली पेद्रोचा सावत्र भाऊ एन्रिके याने पेद्रोला ठार करून गादी बळकावली. मार्तिन लोपेझ कार्मोनाचा गड लढवीत राहिले. अखेर १३७१ साली अभयवचन घेऊन त्यांनी गड खाली केला. वचन मोडले गेले, सेव्हिल शहरात त्यांचा शिरच्छेद झाला आणि सारे कुटुंब जहाजबांधणीच्या कोठारातील तुरुंगात पडले. लेओनोर तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, आणि तिचे लग्न त्यापूर्वीच झालेले होते! तुरुंगात प्लेग शिरला. भाऊ, बहिणी, आप्त एकेक करून गेले. मेल्यावरच त्यांच्या पायांतील बेड्या तुटल्या. १३७९ साली एन्रिके मरण पावला आणि लेओनोर सुटली, तेव्हा त्या गोतावळ्यातील ती आणि तिचा नवरा एवढीच काय ती उरली होती.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे, कारण तिने ते स्वतः लेखनिकाला सांगून लिहवून घेतले. मूळ प्रत हरवली, तरी पुढच्या काळातील नकला उरल्या आहेत. थोडीच पाने आहेत ती. क्रूसाच्या खुणेची शपथ घेऊन ती आरंभ करते, एखाद्या साक्षीदाराने न्यायासनासमोर जबाब द्यावा तशी. दुःखितांनी हे ऐकावे आणि पवित्र मरियेवर भाव ठेवावा, असा आपला हेतूही ती सांगते.

पुढे कॉर्दोबात ती मावशीच्या आश्रयाला राहिली. जेवायला मावशीकडे जाताना भर रस्त्यातून जावे लागे, ते त्या मानी बाईच्या जिवाला लागे. मधल्या भिंतीत एक दार पाडून मिळावे म्हणून तिने तीस दिवस, रोज रात्री गुडघे टेकून, तीनशे वेळा नमो मरिया म्हटली. मावशीने होकार दिला; घरातील दासींनी कान भरले आणि दुसऱ्या दिवशी तो होकार फिरला. पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या घरी दिवस काढलेल्या कोणाही बाईला त्या दाराची किंमत वेगळी सांगायला नको.

येथपर्यंत लेखणी सुरळीत चालते. ती अडते ती आगिलार गावी.

१३९१ साली सेव्हिलमध्ये यहुदी वस्तीवर हल्ला झाला. लोकांना वर्षानुवर्षे चिथावणारा फेर्रान मार्तिनेझ हा एसिहाचा आर्चडीकन होता, आमच्यापैकीच एक. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण कादंबरीतून ते वगळणे मला मान्य नाही. ही वणवण कॉर्दोबालाही पोहोचली. त्या लुटीतून आलेले एक अनाथ पोर लेओनोरने घरी आणले आणि त्याला स्नानसंस्कार दिला. ही दया की लूट? तिच्या दृष्टीने ती दयाच होती. पोराचे आईबाप असते तर त्यांनी काय म्हटले असते?

काही वर्षांनी प्लेग आला. कुटुंब आगिलारला गेले आणि त्या मुलालाच गाठ आली. रात्री त्याच्याजवळ बसणारी तेरा माणसे मेली. बसायला कोणी उरेना. तेव्हा लेओनोरने आपल्या पोटच्या मुलाला, हुआनला, त्या रात्री रुग्णाजवळ बसण्यास सांगितले. तो बारा वर्षे चार महिन्यांचा होता. इतर मेले तसा मीही मरावा काय, असे त्याने आईला विचारले, आणि तो गेला. त्याच रात्री त्याला रोग जडला आणि दुसऱ्या दिवशी आईला त्याला पुरावे लागले. आजारी मुलगा मात्र वाचला.

मी तीस वर्षे पापनिवेदन ऐकत आलो आहे. या बाईला क्षमा करून टाकावी असे कादंबरीकाराला वाटते, आणि तिचा न्याय करावा असेही वाटते. दोन्ही मोह सारखेच. ती स्वतः दोन्ही करीत नाही. मुलाचे वय महिन्यांसकट सांगते, त्याचा प्रश्न जसाच्या तसा सांगते, स्वतःच्या बचावासाठी शब्द खर्चीत नाही. मावशीच्या घरच्यांनी नंतर तिला तेथून घालवले आणि ती कॉर्दोबाला आपल्या घरी परतली, एवढे सांगून जबाब संपतो. पुढे ती राणी कातालिनाची अत्यंत विश्वासू झाली आणि १४१२ साली दरबारातून दूर केली गेली, हे इतर साधनांतून कळते. तिने त्याचा उच्चार केलेला नाही.

ते प्रकरण मी चार वेळा लिहून फाडले. लेओनोरच्या तोंडी घातलेला प्रत्येक शब्द तिच्या शब्दांपुढे खोटा ठरे. आता ती रात्र मी वाचलेल्या मुलाच्या डोळ्यांनी लिहीत आहे. तापात पडलेला तो पाहतो की दार उघडले आहे आणि या वेळी आत आलेला माणूस त्याच्याच उंचीचा आहे.