लेखाची रोजी

माझा पहिला लेख छापून आला तेव्हा मायनं विचारलं, किती भेटले? मी म्हटलं, एक अंक. माय म्हणाली, त्याची भाजी होते काय?

मी कारंजा (घाडगे)चा. बी.एड. झालो तेव्हा गावात माझ्यासारखे बी.एड. खंडीभर. एका शाळेत तासिकेवर शिकवायचो, ते पैसे सहा-सहा महिने अडकलेले. माय संत्र्याच्या बागेत तोडणीला जायची. तिची रोजी सांजच्याला हातात. घरात शिकलेला मी, आणि पैसा आणणारी ती.

लेख होता आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांवर. तोडणीच्या दिवसांत पोरं बागेत असतात आणि हजेरीपटावर मात्र हजर. एका खाजगी शिक्षण-मासिकानं छापला. मोबदला मागावा की नाही यात माझा आठवडा गेला. चळवळीतली माणसं आपण, पैशासाठी लिहितो काय? माय भाकरी थापत होती. म्हणाली, "काहून लाजतं? म्या दिवसभर राबतो, रोजी मागाले मले लाज वाट्टे काय?"

पत्र टाकलं. उत्तर नाही.

पुढचा लेख दुसऱ्या मासिकाकडं धाडला. ते ८०० रुपये देऊ म्हणाले. फक्त एक ओळ काढा. ओळ अशी होती: मास्तर आमच्या पोरांना मागं बसवतात, आणि जात पाहून बसवतात. संपादक फोनवर फार गोड बोलले. "सर, 'वंचित' लिहा ना. भाव तोच राहतो." तोच कसा राहील? पण घरात किराण्याची उधारी थकली होती, खोटं कशाला बोलू. ओळ काढली. पैसे आले. मोहल्ल्यातल्या एका पोरानं तो लेख वाचला आणि विचारलं, "सर, ह्याच्यात आपण कुठं हाओ?"

त्या रात्री 'गुलामगिरी' पुन्हा काढली. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा. इंग्रजांनी तिच्यातला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडं वळवला. १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नाटक त्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडं पाठवलं. जोशी अडाणी कुणब्याला लुबाडतो आणि शेवटी नवराबायको शिकायला निघतात, असं ते नाटक. म्हणजे शिक्षणावरचंच लेखन. भट सभासदांच्या हट्टापुढं गोऱ्यांचं काही चाललं नाही, ते नापसंत झालं. १८७३ साली जोतीरावांनी हे स्वतःच नोंदवून ठेवलं. १८६९ चं 'ब्राह्मणांचे कसब' त्यांनी पदरचे पैसे घालून छापलं. ते ठेकेदारीही करत. माझ्यापाशी पदर आहे तो मायचा.

म्हणून दोस्तांनो, लिहून पैसे घेणं म्हणजे विकलं जाणं, हे मला पटत नाही. दक्षिणा घेणारे कधी लाजले नाहीत. आपण कष्टाचे मागताना का लाजावं? बालभारती १९७१ पासून 'किशोर' काढते, राज्य शैक्षणिक परिषदेचं 'जीवन शिक्षण' आहे, दैनिकांच्या शिक्षण-पुरवण्या आहेत. तिथं आपल्या वर्गातलं, आपल्या हजेरीपटावरचं लिहून पाठवा. पण पहिल्याच पत्रात विचारा: किती देणार, कधी देणार, काय कापणार. मी हे फार उशिरा शिकलो.

तो लेख त्या ओळीसकट पुन्हा लिहिला. महिन्याखाली एकाकडं पाठवला, तिन्ही प्रश्न घालून. किती आणि कधी, याचं उत्तर आलं आहे. तिसऱ्याचं नाही. मायला अजून सांगितलं नाही.