चहाचे पंचांग आणि लंकेचे डोंगर

श्रीलंकेच्या सहलीची आखणी बहुधा नकाशा समोर ठेवून होते. बेट लहान दिसते. मुंबईहून विमान अडीच तासांच्या सुमारास कोलंबोला पोहोचते आणि मग पाच-सहा दिवसांत किनारा, प्राचीन नगरे, अभयारण्य आणि डोंगर असे सारेच बसवण्याचा मोह होतो. या वाटपात डोंगरांच्या वाट्याला जेमतेम एक रात्र येते. जो प्रदेश सर्वाधिक वेळ मागतो, त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

मध्य लंकेचा हा डोंगराळ मुलूख विषुववृत्तापासून अवघा सात अंश दूर आहे, तरीही थंड आहे. नुवारा एलिया हे गाव १८६८ मीटर उंचीवर वसले आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखरापेक्षाही दोनशे मीटर वर. जानेवारी-फेब्रुवारीत तेथे कधीकधी पहाटे दहिवर गोठते. किनाऱ्यासाठी भरलेल्या पिशवीत सुती कपड्यांबरोबर स्वेटर आणि कानटोपीही हवी, हे अनेकांच्या तेथे पोहोचल्यावर ध्यानात येते.

पहिला प्रश्न असतो, केव्हा जावे? याचे उत्तर चहाच्या मळ्यांकडेच आहे. या डोंगरांवर दोन मोसमी वारे दोन बाजूंनी पाऊस आणतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम उतारावर कोसळतो, तर डिसेंबरपासून ईशान्येचे वारे पूर्व उतार भिजवतात. कोरड्या, गार वाऱ्यात चहाचे पान सावकाश वाढते आणि त्याचा सुगंध गडद होतो. म्हणून पश्चिमेकडील दिंबुला भागातला उत्तम चहा जानेवारी ते मार्च या काळातला आणि पूर्वेकडील उवा प्रांतातला जुलै ते सप्टेंबरमधला. चहाचे हे पंचांग प्रवाशालाही तंतोतंत लागू पडते. हॅटन, नुवारा एलिया पाहायचे तर वर्षाचा आरंभ बरा. एला, हापुतले, बदुल्ला येथे पावसाळ्याच्या सुट्टीतही जाता येते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र टाळलेले श्रेयस्कर. नोव्हेंबर २०२५ मधील दित्वा चक्रीवादळात याच भागात दरडी कोसळल्या, वस्त्या गाडल्या गेल्या आणि रेल्वेमार्गही तुटला. म्हणून गाडीचे जुने वेळापत्रक गृहीत न धरता कोणता टप्पा चालू आहे, याची निघण्यापूर्वी चौकशी करावी.

या रेल्वेमार्गाचा प्रवास हा सहलीचा गाभा असतो. पट्टिपोलाजवळ तो सुमारे १९०० मीटर उंची गाठतो. अंतर थोडे असले तरी गाडी सावकाश चालते, त्यामुळे किलोमीटर न मोजता तास मोजून आखणी करावी. हॉर्टन प्लेन्स पठारावर पहाटेच पोहोचावे. तेथील ‘वर्ल्ड्स एंड’ हा कडा सुमारे ८७० मीटर खोल कोसळतो, पण नऊ-दहाच्या सुमारास धुके वर आले की समोर केवळ पांढरा पडदा उरतो.

शाकाहारी कुटुंबाने एक गोष्ट आवर्जून विचारावी. भाताबरोबर येणाऱ्या खोबऱ्याच्या चटणीत आणि कित्येक भाज्यांतही ‘उंबलकड’ म्हणजे सुक्या मासळीचा चुरा घालण्याची रीत आहे. ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरत नाही. तमिळ वस्तीतील ‘शैव’ पाटीच्या खानावळीत इडली, डोसा, इडिअप्पम निर्धास्तपणे मिळते.

ही खानावळ तेथे कशी आली, हा प्रश्न मनात आला की सहलीचा खरा आरंभ होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हे डोंगर साफ करून कॉफी लावली. १८६७ मध्ये कँडीपर्यंत रेल्वे आली ती मुख्यतः कॉफी वाहण्यासाठी. दोनच वर्षांनी पानांवर तांबेरा पडला आणि पुढे कॉफीचे मळे बुडाले. जेम्स टेलर याने १८६७ मध्येच लूलेकंदेरा येथे १९ एकरांवर चहा लावला होता. तो पुढे सर्वत्र पसरला. ही सारी मेहनत तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांची. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून ते रानावनांतून पायी डोंगरापर्यंत येत, आणि कित्येक वाटेतच मरत.

१९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यापैकी सुमारे सात लाख लोक कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत. १९६४ मध्ये शास्त्री-सिरिमाव्हो करार झाला. ५,२५,००० लोक भारताने घ्यावेत, ३,००,००० श्रीलंकेने, आणि १,५०,००० लोकांचा निर्णय पुढे ढकलावा. एखाद्या खात्याची शिल्लक पुढील पानावर ओढावी, तशी ही माणसे पुढे ओढली गेली. १९७४ मध्ये त्यांचीही निम्मी-निम्मी वाटणी झाली. उरलेल्यांना नागरिकत्व मिळण्यास २००३ चा कायदा यावा लागला. २०२१ मध्ये मळ्यावरील किमान रोजंदारी वाढून १००० श्रीलंकन रुपये झाली. अनेक कुटुंबे अजून इंग्रजी अमदानीतील चाळवजा ‘लाइन’च्या अरुंद खोल्यांतच राहतात, आणि दरड कोसळते तेव्हा धोका प्रथम त्यांनाच असतो.

म्हणून आखणी करताना डोंगरांना निदान चार रात्री द्याव्यात. दोन नुवारा एलिया परिसरात, दोन हापुतलेस. त्यांतील एक दिवस कोणत्याही स्थळाच्या नावे न लिहिता मोकळा ठेवावा. मळ्यातील पायवाटेने चालावे, चहाच्या टपरीवर बसावे. पाने खुडणाऱ्या बाईचे छायाचित्र घेण्यापूर्वी तिला विचारावे आणि ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली ठेवावा. पाठीवरचे पोते भरून वजनकाट्याकडे निघालेल्या त्या बाईला थांबायला वेळ नसतो. सवड प्रवाशाजवळ असते, तेव्हा वाट त्यानेच द्यावी.