पिनेशी थांबलेले दोन नॅनोसेकंद

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात अकोला–वाशीम रस्ता आणि नागपूरहून मेहकर-जालन्याकडे जाणारा जुना रस्ता एकमेकांना छेदतात. इथे गाडी बदलणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पुढची एसटी सुटण्याआधी थोडा वेळ हाताशी ठेवून पोहोचायचं, आणि पाऊल पायरीवर नीट टेकेपर्यंत गाडी हलता कामा नये. एफपीजीए चिपच्या पिनेवर येणाऱ्या प्रत्येक बिटाचं हेच आहे. क्लॉकचा ठोका पडण्याआधी बिट जितका वेळ स्थिर हवा त्याला सेटअप म्हणतात, ठोका पडून गेल्यावर जितका वेळ स्थिर राहायला हवा त्याला होल्ड. यातलं एक जरी पाळलं गेलं नाही, तर चिप शून्याचा एक वाचू शकते आणि तक्रारही करत नाही.

कारखान्यातून बाहेर पडल्यावरही जिची आतली जोडणी नव्याने लिहिता येते ती चिप म्हणजे एफपीजीए. रॉस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली झायलिंक्स कंपनी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ६४ लॉजिक ब्लॉकची पहिली चिप आणली. आतल्या जोडणीत कुठून कुठे जायला किती वेळ लागतो, हे जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला नेमकं ठाऊक असतं. पिनेबाहेर मात्र ते आंधळं असतं. शेजारची चिप ठोक्यानंतर किती वेळाने बिट सोडते, बोर्डावरचा तांब्याचा ट्रेस किती लांब आहे, हे अभियंत्याने स्वतः लिहून द्यावं लागतं. ते लिहिलंच नाही, तर सॉफ्टवेअरच्या अहवालात एकही चूक दिसत नाही, कारण त्या पिनेची तपासणीच झालेली नसते. या क्षेत्रातला सर्वांत फसवा कागद म्हणजे असा स्वच्छ अहवाल.

एक रोजचं उदाहरण घेऊ. गिगाबिट इथरनेटसाठी आरजीएमआयआय नावाची जोडणी सर्रास वापरतात. तिचं क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक फेरी ८ नॅनोसेकंदांची. डेटा चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर येतो, तेव्हा एका बिटाच्या वाट्याला ४ नॅनोसेकंद. मूळ व्यवस्थेत क्लॉक आणि डेटा एकाच क्षणी निघतात, म्हणजे क्लॉकची कड नेमकी बिट बदलत असतानाच येते. ती बिटाच्या मध्यावर यायची तर दोघांत २ नॅनोसेकंदांचं अंतर पाडावं लागतं. साध्या बोर्डावर विद्युतसंकेत नॅनोसेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर जातो. दोन नॅनोसेकंदांसाठी ३० सेंटिमीटर तार! पूर्वी ती सापासारखी वळवून बोर्डावर बसवत असत.

आता हा उशीर पिनेच्या मागेच घालता येतो. झायलिंक्सच्या सिरीज-७ चिपांत येणाऱ्या पिनेला ३२ टॅपची, म्हणजे उशिराच्या छोट्या पायऱ्यांची, साखळी असते. २०० मेगाहर्ट्झचं संदर्भ-क्लॉक दिलं की एक टॅप ७८ पिकोसेकंदांचा. क्लॉक आणि डेटा यांच्यात २६ टॅपांचा फरक ठेवला की दोन नॅनोसेकंद जमले. बाहेर जाणाऱ्या पिनेला ही सोय फक्त एचपी नावाच्या बँकांत, म्हणजे पिनांच्या गटांत, आहे आणि स्वस्त आर्टिक्स-७ मध्ये त्या बँकाच नाहीत. तिथे बाहेर जाणारं क्लॉकच ९० अंशांनी मागे सरकवतात. ८ नॅनोसेकंदांचा चौथा भाग, पुन्हा दोनच.

महाराष्ट्रात या विद्येचं सर्वांत देखणं काम जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, जीएमआरटी दुर्बिणीत दिसतं. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. एवढं अंतर तोडायला प्रकाशाला साधारण ८३ मायक्रोसेकंद लागतात. आकाशातून आलेली तीच लाट प्रत्येक अँटेनाला वेगळ्या वेळी भेटते, म्हणून लवकर पोहोचलेल्या संकेताला मुद्दाम थांबवून ठेवावं लागतं. अद्ययावत यंत्रणा ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेते, म्हणजे सेकंदाला ८० कोटी नमुने, दोन नमुन्यांत सव्वा नॅनोसेकंद. हे नमुने व्हर्टेक्स-५ एफपीजीए असलेल्या ‘रोच’ बोर्डांवर उतरतात आणि तिथून संगणकांकडे जातात.

मायक्रोसेकंदांचा हा हिशेब पिनेवरच्या पिकोसेकंदांवर उभा असतो. नमुन्याचे बिट समांतर तारांवरून येतात. संख्या १२७ वरून १२८ झाली की आठही बिट एकदम पालटतात. त्यातला सर्वांत वरचा बिट जरासा लवकर आला, तर ठोक्याला २५५ वाचले जातात. उशिरा आला, तर शून्य. आकाशात काहीच घडलेलं नसतं आणि नोंदीत मात्र उसळी दिसते. असा शेजारच्या दोन संख्यांमधला भला मोठा खड्डा माझ्या डोळ्यांना कुठल्याही अहवालापेक्षा लवकर सापडतो.

टॅपची संख्या अंदाजाने फिरवत ‘चाललं’ म्हणून थांबण्याला माझा ठाम विरोध आहे. नीट पद्धत जुनी आणि कष्टाची आहे. ठरावीक नमुना पाठवायचा, टॅप शून्यापासून शेवटपर्यंत एकेक वाढवायचा, वाचन कुठे बिघडतं आणि कुठे सुधारतं ते लिहून घ्यायचं आणि चांगल्या पट्ट्याच्या मधोमध बसायचं. प्रयोगशाळेच्या थंड खोलीत काठावर बसलेलं मूल्यसुद्धा दिवसभर बिनचूक चालतं.

मग तोच बोर्ड बंद डब्यात घालून मालेगावच्या एखाद्या पत्र्याखाली मे महिन्यात बसतो. बाहेर चाळिशीपार, डब्यात त्याहून जास्त. टॅप स्वतः संदर्भ-क्लॉकला बांधलेले असल्याने फारसे हलत नाहीत. पण पिनेचा बफर, आतलं क्लॉकचं जाळं आणि शेजारची चिप यांचा वेग तापमानाने बदलतो. पट्टा सरकतो, आपण तिथेच असतो. म्हणून तीच टॅपमोजणी डबा तापवून आणि गार करून पुन्हा करायची, आणि दोन्ही वेळा जो भाग शाबूत राहिला तेवढाच आपला धरायचा. तो सहा-सात टॅपांहून अरुंद निघाला, तर मी टॅपशी खेळत बसत नाही. बोर्डाचा नकाशा उघडून ट्रेसची लांबी पुन्हा मोजायला घेतो.