छत्तीस किलोंचा हिशेब

धर्मगुरूच्या दारी लोक नाना प्रकारचे कागद घेऊन येतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, तर कोणाला सरकारी कचेरीत द्यावयाचा अर्ज लिहून हवा असतो. अशाच एका अर्जाने आम्हांला जो धडा शिकविला, तो वाचकांपुढे ठेवावा असे पुष्कळ दिवस मनात होते. त्यात आमची प्रतिष्ठा वाढण्यासारखे काही नाही. तथापि दुसऱ्याच्या उपयोगी पडणारी गोष्ट केवळ संकोचापायी झाकून ठेवणे बरे नव्हे.

आमचा धर्मग्राम बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. येथील एक विधवा भगिनी घरच्या घरी मासळी व मांस विकून प्रपंच चालविते. त्यासाठी 2024 साली तिने काटकसरीच्या पैशांतून एक फ्रीझर विकत घेतला. त्या वर्षीच्या नाताळासाठी अनेक घरांनी तिच्याकडे आगाऊ पैसे देऊन मागणी नोंदविली होती. डिसेंबरच्या आरंभी फ्रीझरची थंडी कमी झाली. कंपनीच्या कारागिराने येऊन त्यात गॅस भरला, 'आता काळजी नाही' असे सांगितले आणि कागदावर तिची सही घेऊन तो निघून गेला.

पुढे दोन रात्री ती लेकीकडे गेली होती. शुक्रवार, 20 डिसेंबर रोजी सकाळी परतून झाकण उघडते तो तळाशी लाल पाणी साचलेले आणि मांस बोटाने दबेल इतके मऊ झालेले. फ्रीझर भरलेला असून झाकण मिटलेले असेल, तर वीज गेल्यावरही आतील थंडी सुमारे दोन दिवस टिकते; अर्धाच भरलेला असेल तर एकच दिवस. परंतु येथे थंडी केव्हापासून उतरत होती, हेच कोणास ठाऊक नव्हते. शेजाऱ्यांपैकी काहींनी सुचविले, "मीठ-हळद लावून विकून टाका, वास कुठे येतोय?" वास न येणे ही काही शुद्धतेची खूण नव्हे. उबेत तासन्‌तास राहिलेल्या मांसात जंतू वाढतात, आणि त्यांतील काहींचे विष शिजवूनही जात नाही. त्या बाईने नातवाकडून प्रत्येक पिशवी तराजूवर ठेवून मोबाईलवर छायाचित्रे काढवून घेतली आणि मग परसात खड्डा खणून सारे पुरून टाकले. कानांतील फुले गहाण ठेवून तिने लोकांचे आगाऊ पैसे परत केले आणि मगच ती आमच्याकडे आली.

आम्ही काय केले? नाताळच्या पूर्वतयारीची घाई होती. पापनिवेदनासाठी रांग लागली होती. आम्ही तिला म्हणालो, "बाई, देवाने दिले, देवाने नेले. सोसायला शिका."

ती शांतपणे म्हणाली, "फादर, मी सोसीन. पण दुसऱ्याच्या चुकीला देवाचं नाव कशाला?"

या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. सोशिकपणाचा उपदेश करणे आम्हांला सोपे गेले, कारण तो दुसऱ्याने आचरावयाचा होता! सोमवारी संध्याकाळी आम्ही तिला पुन्हा बोलावून घेतले आणि कागदपत्रे पाहिली. खरेदीची पावती, हमीपत्र, कारागिराचा कागद, एवढेच नव्हे तर गिऱ्हाइकांच्या मागणीची वहीदेखील तिने जपून ठेवली होती.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्रीझरमधील गॅस मोटारीतील पेट्रोलासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. कारागिराच्या कागदावर 'गॅस भरला' एवढेच लिहिले होते; गळती तपासल्याचा शब्दही नव्हता. आमच्या दाव्याचे सारे बळ त्या एका ओळीत होते.

हमीपत्रावर मात्र बारीक अक्षरांत छापले होते की, आत ठेवलेल्या पदार्थांच्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. ते वाचून पुष्कळ लोक तेथेच थांबतात. परंतु कार्डावर छापलेले वाक्य म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे. विरुद्ध पक्षाच्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई देवविण्याचा अधिकार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आयोगाला दिला आहे. अर्थात तो निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. शिवाय व्यापारासाठी वस्तू घेणाऱ्यास हा कायदा ग्राहक मानीत नसला, तरी केवळ स्वतःच्या श्रमाने पोट भरण्यासाठी ती घेणाऱ्यास मानतो. आमची ही भगिनी त्यातच मोडत होती.

आता आमची लाज सांगावयाची ती येथे. पत्र लिहिता लिहिता आम्ही लिहून गेलो: 'सुमारे पन्नास किलो माल.' मनात हिशेब असा की, कंपनी निम्मे कापणारच. मग आधीच थोडे वाढवून मागावे. 'सुमारे' या शब्दाच्या आडोशाला आमचे असत्य निर्धास्त बसले होते. पत्र वाचून दाखविताच तिने कागदावर हात ठेवला.

"फादर, हे पन्नास कुठनं आलं? माझ्या वहीत छत्तीसच हाय."

बावीस किलो डुकराचे मांस, दर किलोस 320 रुपये. चौदा किलो मासळी, दर किलोस 260 रुपये. एकूण 10,680 रुपये. दर रविवारी सातव्या आज्ञेवर बोलणाऱ्या आम्हांला तीच आज्ञा एका मासे विकणाऱ्या बाईने आमच्याच टेबलावर शिकविली. आम्ही तो कागद फाडला आणि नवा घेतला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 24 डिसेंबरला, पत्र टपालात पडले. पहिला ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली याच तारखेला राष्ट्रपतींनी मंजूर केला, म्हणून हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो. नाताळची पूर्वसंध्या आणि ग्राहकांचा दिवस एकच आहे, हे आम्हांला तोवर माहीतही नव्हते!

कंपनीचे पहिले उत्तर नकाराचे आले. मग आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविली. तेथे मराठीतही बोलता येते. तेवढ्यानेही काम झाले नसते, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची आमची तयारी होती. घेतलेल्या वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथे शुल्क पडत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

आयोगापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. 2025 च्या मार्च महिन्यात, प्रायश्चित्तकाळ चालू असता, कंपनीचा मोठा कारागीर आला. त्याने गळकी नळी बदलली, वहीतील नोंदी छायाचित्रांतील तराजूच्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिल्या आणि आपला अहवाल पाठविला. पुढे मालाचे 10,680 रुपये तिला मिळाले. बुडालेल्या दिवसांची कमाई मात्र मिळाली नाही. त्या माणसाने पिशव्या मोजल्या, तेव्हा आम्ही शेजारीच उभे होतो. आमचे पन्नास किलो त्या पत्रात असते, तर तिच्या छत्तीस किलोंवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

तेव्हा वाचकहो, असा प्रसंग आलाच तर नासलेले अन्न टाकण्यापूर्वी त्याचे वजन व छायाचित्र घ्या. कारागिराकडून काय केले ते लिहून घ्या व त्या कागदाची प्रत ठेवा. तक्रार तोंडी न करता लेखी करा आणि तिची पोच जपा. आपल्या न्याय्य हक्काचे मागणे हे पाप नव्हे. त्यात कमीपणाही नाही. फक्त मागताना आकडा वहीत असेल तोच लिहा.

गहाण ठेवलेली कानांतील फुले सोडवून ती बाई ईस्टरच्या मिस्साला आली होती. ती आम्ही वेदीवरून पाहिली, आणि आमच्या फाडलेल्या कागदाची आम्हांला आठवण झाली.