सोफियाचे मानकरी

लंडनचे काही विमानप्रवासी सोफियाला जात, ते सोफियासाठी नव्हे! ब्रिटिश एअरवेजच्या ‘सिल्व्हर’ मानाला ६०० गुण लागत. बिझनेस क्लासने पॅरिसला जाऊन आल्यास ८०, दूरच्या सोफियाला १६०. स्वस्त तिकिटे साधून चार खेपा केल्या की ६४० गुण पदरात, आणि विमानतळावरच्या खास दालनात फराळाला मुभा!

त्याच हिशेबाने मीही गेलो. विटोशा पर्वताच्या पायथ्याचे हे शहर. संग्रहालय झालेल्या जुन्या स्नानगृहाजवळ सार्वजनिक नळांना गरम खनिज पाणी येते. आजीबाई बाटल्या भरीत होत्या. तेथे मानकरी कोणीच नव्हते!

एप्रिल २०२५ पासून गुण अंतरावर नव्हे, खर्चावर मिळतात. स्वस्तातला मान संपला. सोफियाला आता सोफियासाठीच जावे.