तांबडा ठिपका

एकत्र कुटुंबांत पैसा, पाणी व स्वयंपाकघर यांवरून जितके कलह होत असतील, त्यांहून अधिक 'मला कोणीं सांगितलेंच नाहीं' या एका वाक्यावरून होत असावेत, असें आम्हांस आमच्या साठ वर्षांच्या अनुभवावरून वाटूं लागलें आहे. आमच्या घरीं या रोगावर पुष्कळ वर्षें एकच औषध होतें. तें म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा खिळा व त्यावर टांगलेलें कॅलेंडर. जयंतराव साळगांवकर यांनीं 1973 सालीं 'कालनिर्णय' सुरू केलें, तें आमच्या घरांत आल्यापासून त्या खिळ्यावर दुसरें कांहीं लागलें नाहीं. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, वडीलधाऱ्यांच्या श्राद्धतिथि, सारें आमच्या मातोश्री माई त्या चौकोनांत लिहीत. क्वचित एखाद्या चौकोनांत अक्षर नसे; नुसता तांबड्या पेन्सिलीचा ठिपका असे. आम्हीं लहानपणीं त्याचा अर्थ विचारला म्हणजे, "त्या दिवशीं मी घरीं नाहीं, एवढें तुम्हांला पुरे," असें उत्तर मिळे.

पुढें घर वाढलें. आज तीन बिऱ्हाडें पुण्यांत आहेत, एक पुतण्या लंडनला व एक पुतणी न्यू जर्सींत. एकूण माणसें 19. खिळा एक आणि भिंती पांच, अशी अवस्था झाली. घरच्या छापखान्याचा स्वतःचा मेल-सर्व्हर आहे व घरांतील सर्वांचीं पत्रव्यवहाराचीं खातीं त्यावरच आहेत. तेव्हां त्याच सर्व्हरवर घराचें सामायिक कॅलेंडर ठेवावें, असें मधल्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत सुचविलें, आणि वडीलकीच्या नात्यानें त्याचा कारभार आम्हांकडे आला.

त्यानें समजावून दिलें तें असें. कपाटांत जशी प्रत्येकाची फाइल, तसा सर्व्हरवर प्रत्येकाच्या खात्यांत कॅलेंडरचा एक फोल्डर असतो. त्याचा मालक एक. परंतु तो इतरांस परवानगी देऊं शकतो. कोणास केवळ 'मोकळा' कीं 'व्यग्र' एवढेंच दिसतें. कोणास नोंद वाचतां येते. कोणास ती बदलतां व पुसतांहि येते. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांस एकमेकांच्या नोंदी कळाव्यात म्हणून 1998 सालीं आयकॅलेंडर नांवाची सामायिक मांडणी ठरली, आणि सर्व्हरवरील कॅलेंडर दुरून उघडण्याचा कॅलडॅव्ह नांवाचा संकेत 2007 मध्यें प्रसिद्ध झाला. म्हणूनच पुण्यांतील वहिनींची नोंद लंडनच्या फोनवर उमटते, आणि तीहि तेथल्या घड्याळाप्रमाणें. पुण्यांतील सकाळचे सात म्हणजे लंडनला हिवाळ्यांत रात्रीचा दीड व उन्हाळ्यांत अडीच, हें गणित माईंच्या खिळ्यास कधींच करतां आलें नसतें.

आम्हीं कागदावर हिशेब मांडला. 19 जणांपैकीं प्रत्येकानें उरलेल्या 18 जणांस आपलें कॅलेंडर दाखवावयाचें म्हटलें तर 342 परवानग्या होतात! पुतण्या म्हणाला, "काका, एकेक नांव घालूं नका. 'घर' नांवाचा एक गट करूं आणि परवानगी गटाला देऊं. नवी सून आली कीं तिला गटांत घातलें म्हणजे झालें. रविवारीं मी बसतों."

रविवारपर्यंत धीर धरणें आमच्या स्वभावांत नाहीं. परवानग्यांच्या यादींत अगदीं वरती 'डीफॉल्ट' अशी एक ओळ होती. तिच्यापुढें 'सर्व तपशील वाचावा' अशी खूण करतांच कॅलेंडर सर्वांस दिसूं लागलें. एका ओळींत काम भागलें, या आनंदांत आम्हीं घरांतील इतरांचीं कॅलेंडरेंहि त्यांच्या शेजारीं बसून तशींच उघडीं करून दिलीं. शिवाय सामायिक कॅलेंडरांत लिहिण्याचा व पुसण्याचा अधिकार सरसकट सर्वांस दिला. आपल्याच घरांत भेद कसला?

पहिला चटका भाद्रपदांत बसला. लंडनच्या पुतण्यानें आपल्या फोनवरील गर्दी कमी करण्यासाठीं आजोबांच्या श्राद्धाची नोंद पुसली. ती आपल्यापुरतीच जाईल अशी त्याची समजूत. परंतु फोल्डर एकच असल्यामुळें ती सर्वांच्याच पडद्यावरून नाहींशी झाली. थोरल्या वहिनींस तिथि तोंडपाठ होती म्हणून निभावलें.

दुसरी गोष्ट अशी हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. एके दुपारीं छापखान्याच्या हिशेबनिसांनीं मोठ्या आस्थेनें आम्हांस विचारलें, "सूनबाईंची तब्येत आतां बरी आहे ना?" धाकट्या भावाच्या सुनेनें आपल्या कॅलेंडरांत रुग्णालयाची वेळ लिहून ठेविली होती, कोणता विभाग, कोणती तपासणी, सर्व कांहीं. तिच्या छातींत एक गांठ हाताला लागली होती. अहवाल येईपर्यंत सासूबाईंस उगीच घोर नको, म्हणून नवऱ्याखेरीज कोणासहि तिनें सांगितलें नव्हतें. आणि 'डीफॉल्ट' म्हणजे आमचें घर नव्हे. त्या सर्व्हरवर ज्याचें ज्याचें खातें आहे तो प्रत्येक जण! छापखान्यांतील अकरा माणसें आमच्या घरांतील बायकांमुलांचे दिवस कित्येक महिने वाचूं शकत होतीं.

आम्ही तिच्या खोलीच्या दाराशीं गेलों. काय बोलावें तें सुचेना. शेवटीं "सूनबाई, चूक माझी आहे," एवढेंच म्हणालों. ती रागावली नाहीं. थोडा वेळ थांबून म्हणाली, "काका, मी केव्हां घरीं नाहीं हें घराला कळलेंच पाहिजे. कोठें जातें आणि कां, तें मात्र मला सांगूं द्या." अहवाल आठ दिवसांनीं आला, गांठ निरुपद्रवी ठरली. परंतु ते आठ दिवस तिला साऱ्या घराच्या नजरा झेलीत काढावे लागले, तें आमच्यामुळें.

त्यानंतर आम्ही पुतण्याच्या शेजारीं बसलों आणि सारें मुकाट्यानें दुरुस्त केलें. 'डीफॉल्ट'च्या ओळीपुढें प्रत्येकाच्या कॅलेंडरांत केवळ 'मोकळा कीं व्यग्र' एवढेंच ठेविलें. सामायिक कॅलेंडरावर ती ओळ अजिबात बंद केली. तें कॅलेंडर 'घर' या गटास वाचावयास दिलें. लिहिण्याचा व पुसण्याचा अधिकार दोघांसच, थोरल्या वहिनींस व आम्हांस. ज्यास आपल्या कॅलेंडराचा तपशील कोणास दाखवावयाचा असेल त्यानें तो आपल्या हातानें दाखवावा. आम्ही कोणाच्या यंत्रास हात लावणार नाहीं, असें सर्वांसमक्ष सांगितलें.

आमच्या सर्व्हरास तिथि कळत नाहीं. दरवर्षीं त्याच तारखेस येणारा वाढदिवस तो चुकवीत नाहीं. श्राद्धतिथि मात्र इंग्रजी तारखांतून पुढेंमागें सरकत राहते. म्हणून पाडव्याच्या दुपारीं वहिनी पंचांग घेऊन बसतात, एकेक तिथि वाचतात, आणि आम्ही त्या वर्षाच्या तारखांवर ती लिहितों. गेल्या पाडव्यास माईहि शेजारीं होत्या. वय 86, पण नजर शाबूत. सूनबाईनें दाखविलेल्या पडद्यावर गुरुवारचा एक तुकडा भरलेला होता. अक्षर नव्हतें, केवळ 'व्यग्र'.

"हें काय ग?" माईंनीं विचारलें.

"त्या वेळीं मी घरीं नाहीं, आजी."

माईंनीं चष्मा वर केला, तिच्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "बरें." अधिक कांहीं विचारलें नाहीं.

एकत्र राहावयाचें तर पुष्कळ गोष्टी सामायिक असाव्या लागतात. परंतु माईंच्या भिंतीवर सर्वांसाठीं लिहिलेल्या अक्षरांस जेवढी जागा होती, तेवढीच त्या तांबड्या ठिपक्यासहि होती. पन्नास वर्षें डोळ्यांपुढें असलेली ही गोष्ट आम्हांस कळावयास एका मुलीस आठ दिवस सोसावें लागलें, याची खंत आम्हांस अजून आहे.