मशीन, हळद आणि आईचं ऊन

आईला फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेऊन देणं हे आमच्या पिढीचं आवडतं पुण्यकर्म. जरा घसघशीत बोनस हातात पडला, की आपल्याला लगेच आईची दुखरी मनगटं आठवतात. मीही तेच केलं. पुण्यातून ऑर्डर, औंढा नागनाथच्या घरी डिलिव्हरी, मोबाइलवर फोटो. मिशन सक्सेसफुल!

मार्चमध्ये घरी गेलो, तर मशीनवर क्रोशाचं कव्हर आणि कव्हरवर तांदळाचा डबा. आई मागच्या अंगणात, त्याच मनगटांनी दगडावर चादर आपटतेय.

‘‘अगं, मग मशीन कशाला घेतलंय?’’

‘‘त्यातून कपडे अजूनच मळकट निघायलेत रे बाबा. टॉवेल तर पापडावाणी कडक.’’

‘‘तुला नीट वापरता येत नसेल,’’ मी म्हणालो. (हे वाक्य मला अजून टोचतं.)

डेमो म्हणून माझा ऑफिसचा पांढरा शर्ट काढला. त्यावर दुपारच्या वरणाचा डाग होता, म्हणून आधी साबणाची वडी घासली. डाग लालभडक! सोमवारी क्लायंट मीटिंग, आणि शर्ट असा की जणू मारामारी करून आलोय.

आई हसली. हिंगोली म्हणजे हळदीचा जिल्हा. शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. मार्चमध्ये हळद शिजवायचे दिवस, त्यामुळे शेतातून येणारा प्रत्येक सदरा पिवळाच. ‘‘लाल झाला म्हणून काय झालं? चांगला खळबळून काढ अन् उन्हात टाक.’’

शाळेत हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल केला होता, आठवतंय? तेच हे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागलं की लाल होतं, साबण निघून गेला की परत पिवळं. आणि ऊन त्या रंगद्रव्याचे तुकडेच पाडतं. डाग ओला करून शर्ट उन्हात टाकला. संध्याकाळी फिकट पिवळा, दुसऱ्या दिवशी शोधावा लागला. रंगीत कपड्यावर हा प्रयोग जपून, तोही रंग ऊन खातं.

डाग गेला, पण बाकीचा शर्ट मशीनमधून करडाच निघाला. म्हणजे आई बरोबर होती!

दोष मशीनचा नव्हता, पाण्याचा होता. आमचं पाणी बोअरचं, काळ्या खडकातून झिरपलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड. साबणाशी त्याचा चिकट साका होतो आणि धाग्यात बसतो. पांढरे कपडे करडे, टॉवेल कडक. मग आपण पावडर वाढवतो, तीही नीट निघत नाही. दगडावर आई चार पाण्यांतून कपडा काढते. मशीनला तेवढं पाणी माहीतच नाही.

उपाय स्वस्तात निघाला. पावडर कमी केली आणि सोबत दोन चमचे धुण्याचा सोडा (रेशमी, लोकरी कपड्यांना अजिबात नाही). शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, म्हणजे राहिलेला साका सुटतो. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र नको, विषारी वायू होतो. मशीनच्या मागे पाइप लागतो तिथे एक छोटी जाळी असते. नळ बंद करून ती काढली, तर आत पांढऱ्या खड्यांचा थर. पाणी भरायला तासभर का लागतो, ते तिथे कळलं. जुन्या ब्रशने घासली. ड्रम टच्च भरायचा नाही, हे मात्र आईने मला सांगितलं. पुण्यात आठवड्याचे कपडे एकदम कोंबणारा मीच.

टॉवेल मऊ निघाला. आईने तो गालाला लावून पाहिला आणि ‘‘बराय,’’ म्हणाली. आमच्याकडे हे फाइव्ह स्टार रेटिंग!

तांदळाचा डबा आता फ्रिजवर गेलाय. रोजचे कपडे मशीनमध्ये पडतात. चादरी तेवढ्या अजून दगडावरच, मशीनला म्हणे चादर कळत नाही. या वेळी मी वाद घातला नाही. बादली उचलली आणि म्हटलं, ‘‘सरक, मी आपटतो.’’